पलंगाखालचं निळं बटण

दि. ४ मार्च

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद, जावईबापूंनाही. वि. वि.

फोनवर तू एक विचारतेस, मी भलतंच सांगते आणि ठेवल्यावर दोघी चरफडत बसतो. म्हणून महत्त्वाचं ते कागदावर लिहायचं ठरवलं आहे. शिवाय माझा फोन सध्या उमेदवाराच्या दिमतीला आहे.

उमेदवार काल आला. धाकट्याने खोका स्वतः उचलून आणला, तोही जिन्याने. लिफ्ट चालू होती, पण जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा स्वतः न तपासलेल्या लिफ्टवर विश्वास नसतो. दुपारभर बसून त्याने सगळं मांडलं. उमेदवार म्हणजे झाडण्यापुसण्याचं यंत्र, मोठ्या ताटाएवढी गोल काळी चकती. तिचं घर म्हणजे गुडघ्याएवढा उभा खोका. काम संपलं की उमेदवार आपण होऊन घरी जातो, पोटातली धूळ तिथल्या पिशवीत ओततो, आपलं फडकं धुतो आणि वाळवतोसुद्धा. हॉटेलात इतकी वर्षं मी झाडलोटीच्या माणसांवर देखरेख केली, पण आपलं फडकं सांगितल्याशिवाय धुणारा कर्मचारी पहिल्यांदाच बघते आहे.

बाकी पहिला दिवस नवशिक्याचाच. सतरंजीचा गोंडा गिळला आणि घसा धरून ओरडत बसला. सारं घर फिरून त्याने फोनवर नकाशा काढला, त्यात माझ्या झोपायच्या खोलीला जेवणघर ठरवलं. पलंगाखाली जाताना मात्र डोक्यावरचा उंचवटा कासवासारखा आत ओढून घेतो. ते मला आवडलं. पण पहिल्या आठवड्यात सगळेच मन लावून काम करतात, हे मला कुणी शिकवायला नको.

आपला तह तुला आठवण करून देते, म्हणजे नंतर कुरकुर नको. डॉक्टरांनी नवा खुबा बसवला आणि जन्मात पुन्हा वाकायचं नाही असं बजावलं. तू म्हणालीस, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. धाकटा म्हणाला, आधी चांगल्यातलं चांगलं यंत्र आणून बघू. हॉस्पिटलात माझ्या पायथ्याशी उभं राहून तुम्ही ठरवलंत की महिनाअखेर घर माझ्या पसंतीचं स्वच्छ राहिलं तर मी इथेच राहायचं, नाही राहिलं तर बाडबिस्तरा घेऊन तुझ्याकडे यायचं. निकाल मी द्यायचा, कारण मी अस्वच्छ खोली पास केल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

परीक्षा बटणांचीच घेणार. हॉटेलात मी पलंगाखाली, पडद्यामागे शर्टाचं एखादं बटण टाकून ठेवायची. नीट झाडलं तर ते सापडायचं आणि माझ्या हातात यायचं. वरवर झाडलं तर तिथेच राहायचं. माझ्या माघारी मला सगळे बटणबाई म्हणायचे आणि मला ते ठाऊक नाही असं समजायचे. तुम्ही दोघंही त्याच बटणांवर वाढलात, घरात सापडलेलं बटण खिशात टाकून चहाच्या वेळी आईपुढे ठेवायचं. आता मी वाकू शकत नाही, म्हणून काठीने टोलवते. लाल बटण स्वयंपाकघरात, पांढरं सोफ्याखाली. मग खुर्चीवर बसून पिशवी उघडायची आणि धुळीत बटण आहे का ते बघायचं. शेवटच्या परीक्षेचं बटण कुठलं आणि ते कधी, कुठे टाकणार, हे मात्र कुणाला सांगणार नाही.

तू पुन्हा किल्ली मागितलीस. नाही. खोल्यांची मुख्य किल्ली देखरेख करणाऱ्या बाईच्या कमरेवरून हलत नाही, मग ते हॉटेल असो की घर. जावईबापू खोलीला रंग देत आहेत असं कळलं. त्यांना म्हणावं, दुसरा हात घाईने देऊ नका, खर्च वाया जाईल.

लोभ आहेच तुझा, फक्त सबुरी थोडी वाढव.

आई

*

दि. ११ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचलं. मुलं गणितं सोडवत होती आणि बाई हसत होत्या. नंतर एका मुलीने येऊन विचारलं की उत्तर चुकलं का. तेव्हा तुझ्या उमेदवाराने आमच्या शाळेतही नाव काढलं.

रंगाचा दुसरा हात देऊन झाला. खोली तळमजल्यावर आहे, मधे पायरी नाही, खिडकीतून बागेतलं पेरूचं झाड दिसतं. तुझ्या जावयाने न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. दांडा शाबूत आहे, त्याची कंबर धरली आहे.

आई, थट्टा बाजूला. यंत्र धूळ उचलेल, ते मला मान्य आहे. पण तुला कोण उचलणार? तू पलंगाखाली धूळ आहे का ते वाकून बघताना पडलीस. मी दाराबाहेर उभी होते, कुलूपवाला यायचा होता आणि तू आतून मला सांगत होतीस की घाबरू नकोस, इथून पलंगाखालचं छान दिसतंय, एक जाळं राहिलंय. तेव्हा मला हसू आलं नव्हतं आणि अजून येत नाही. फोन वाजून तू उचलला नाहीस की मी फळा पुसता पुसता थांबते. तू मला किल्ली देत नाहीस आणि वर सबुरी धर म्हणतेस.

अजून एक. लहान तोंडी मोठा घास होतो आहे, पण लिहितेच. यंत्र पास झालं तर फायदा तुझा, आणि पास करणारी पण तूच. आमच्या शाळेत आईला स्वतःच्या मुलाचे पेपर तपासू देत नाहीत. तू खोटं करणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी डोळा थोडा मऊ होऊ शकतो. या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मी येते आणि तुझा उमेदवार स्वतः बघते.

माझ्यावर राग असला तरी औषधं वेळेवर घे. रागाला तेवढंच कारण पुरे.

तुझी,
थोरली

*

दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

निकाल तुला आधी कळवते आहे, कारण यंत्र तुझं आणि मेहनतही तुझी. उमेदवार नापास झाला.

आता नीट वाच आणि मधेच फोन करू नकोस. महिनाभर त्याने झकास काम केलं. लाल बटण आणलं, पांढरं आणलं, सोफ्याच्या मागच्या पायाशी दडवलेलं आणलं. गोंडे मी वर बांधले तेव्हापासून त्याची तक्रार नाही. न्हाणीघराचा उंबरठा चढतो, ओलं पुसतो, सतरंजीवर आला की फडकं उचलून धरतो. खरं सांगते, हॉटेलात असता तर मी त्याला वरच्या मजल्यावर बढती दिली असती.

शेवटच्या परीक्षेला निळं बटण ठेवलं होतं. माझ्या जुन्या गणवेशाचं, ते एकच आहे. रविवारी सकाळी काठीने पलंगाखाली टोलवलं, अगदी भिंतीलगत. नंतर थोरली आली. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, ती घरभर फिरून तपासणी करत होती. चहाला बसली. मग एकाएकी भांडायला उठली. म्हणे, यंत्र चांगलं असलं म्हणून सगळं चांगलं होत नाही. मी म्हटलं, चांगलं आहे हे तर कबूल केलंस. त्यावर ती कोट चढवून, बटणं उलटसुलट लावून निघून गेली. ती गेल्यावर उमेदवार सुटला, झोपायची खोली पुरी केल्याचं नकाशात दाखवलं, पलंगाखालीसुद्धा. आज सकाळी पिशवी वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी चाळली. निळं बटण नाही. काठीला हातआरसा बांधून पलंगाखाली बघितलं, तिथेही नाही. धूळही नाही. कडेच्या ब्रशाने उडवलं असेल कुठल्या फटीत. पण ज्या खोलीचं बटण हातात येत नाही ती खोली पास नाही. हा नियम मी दुसऱ्यांना लावून कित्येकांना रडवलंय, आता माझ्यासाठी कसा मोडू?

तू म्हणशील, आणखी एक संधी दे. माझ्याही मनात आलं. काठी हातात घेऊन दुसरं बटण शोधायलासुद्धा निघाले होते. मग थोरलीचं वाक्य आठवलं, की पास करणारी मी आणि फायदाही माझाच. फेरपरीक्षा मी आजवर कुणाला दिली नाही. स्वतःला दिली तर तो वशिला झाला.

मला इथून जायचं नाही, हे तुला लिहायला हरकत नाही. सकाळी उठून दार माझं मी उघडावं, कप जिथे ठेवला तिथेच सापडावा, एवढंच माझं सुख आहे. थोरलीचं घर चांगलं आहे, ती माझी पोटची पोर आहे, पण तिथे मी पाहुणी. पाहुणे खोली कशी ठेवतात ते मी फार बघितलंय. असो. शब्द दिला तो दिला. मी ठीक आहे. पुढच्या महिन्यात मधल्या आठवड्यात खोके घेऊन ये. थोरलीला तूच कळव, माझ्याच्याने तिला जिंकलीस म्हणून लिहवत नाही.

यंत्रावर रागावू नकोस. मी ठीक आहे.

तुझी माया अशीच राहू दे.

आई

*

दि. २ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. तू जिंकलीस. आईने यंत्र नापास केलं आणि ती तुझ्याकडे येणार. सोबत तिच्या पत्राची नक्कल पाठवतो आहे, म्हणजे माझ्या शब्दांत काही कमीजास्त व्हायला नको.

मी भांडणार नाही. तहात मीही होतो. पण ते पत्र वाचताना तिने किती वेळा मी ठीक आहे लिहिलंय ते बघ. आपल्या आईने आजवर ही गोष्ट कधी न विचारता सांगितली आहे का? काल गेलो तर तिने शेजारणीला कुंड्या देऊन टाकल्या होत्या. यंत्र कामाला निघालं तेव्हा त्याच्या वाटेतली चप्पल काठीने बाजूला केली आणि त्याला सांगितलं की तुझी चूक नाही रे, नियम आहे. मी तोंड फिरवून खिडकीचा कडीकोयंडा तपासत राहिलो.

मला यातलं एक कोडं उलगडत नाही. मी पलंग हलवून बघितला. फट नाही, भोक नाही. यंत्र पुरतं उघडून पाहिलं, ब्रश सोडवले, नळी फुंकली. बटण कुठेच नाही. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तरी ती त्या दोन मजल्यांमध्येच असते. हे बटण कुठल्याच मजल्यावर नाही. तू रविवारी घरभर फिरलीस, तुला दिसलं का काही? निळं आहे, गणवेशाचं. दिसलं असतं तर बोलली असतीसच म्हणा.

भाऊजींना नमस्कार. दांडा चांगला बसवलाय असं ऐकतो. भिंतीत स्क्रू किती खोल गेलेत ते मी येऊन बघेन.

तुझी ओरडायची सवय आणि माझ्यावरचा जीव, दोन्ही तशीच ठेव.

धाकटा

*

दि. ६ एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

पाकिटात कागदाची पुडी आहे. आधी ती उघड.

आता लिहिते. त्या रविवारी तू चहा करत होतीस तेव्हा मी तुझ्या खोलीत गेले. घरभर बोट फिरवून झालं होतं, कुठे धूळ सापडली नव्हती. वाटलं, पलंगाखाली नक्की असणार. सरळ जमिनीवर लोळले, फोनची बत्ती लावली आणि पार भिंतीपर्यंत सरकले. आई, मी तिथे धूळ शोधायला गेले होते. मला ती हवी होती. एवढी तरी असावी की मी बोटावर घेऊन तुझ्यापुढे धरेन. एक कण नव्हता. फक्त एक बटण होतं.

ते मी उचललं आणि पलंगावर काढून ठेवलेल्या माझ्या कोटाच्या खिशात टाकलं. त्यात काही विचार नव्हता. आपल्या घरात पलंगाखाली बटण दिसलं तर मुलगी दुसरं काय करणार? चहाला तुझ्यापुढे ठेवायचं, एवढंच हाताला ठाऊक. पण चहाला बसले ती डोक्यात नुसता राग घेऊन. यंत्र चांगलं निघालं, म्हणजे तू एकटी राहणार. बटण कोटाच्या खिशात राहिलं आणि मी तुझ्याशी भांडून निघून आले. परीक्षा त्याच दिवशी आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्यानंतर यंत्र पलंगाखाली गेलं तेव्हा तिथे न्यायला काही शिल्लकच नव्हतं.

धाकट्याचं पत्र आलं आणि मी खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. खरं सांगते, ते बटण मी लगेच पाठवलं नाही. टेबलावर समोर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत वह्या तपासल्या. तू स्वतःहून यायला तयार झाली होतीस. खोली तयार होती. कुणाला कधी कळलं नसतं. पण तू स्वतःला फेरपरीक्षा दिली नाहीस हे वाचल्यावर मी ते बटण कुठे लपवणार? तुझीच मुलगी आहे, नाइलाज आहे.

यंत्र पास आहे. मी डोळ्यांनी बघितलंय, आणि माझ्याइतका वाकडा परीक्षक त्याला दुसरा मिळाला नसता. तू तुझ्या घरी राहा. माझी भीती मात्र गेलेली नाही. ती कुठल्या पिशवीत ओतायची ते मला कुणी सांगितलेलं नाही.

जावई म्हणतो, खोलीचा रंग वाया गेला नाही, तो स्वतः दुपारी तिथे झोपेल.

चुकलं असलं तरी माझीच म्हणून जवळ धर.

तुझी,
थोरली

*

दि. १० एप्रिल

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुडी उघडली. बटण ओळखलं. आधी त्याला पुसलं, मग डोळे पुसले, मग चहा ठेवला. या क्रमात काही चुकलं असेल तर सांग.

माझीही अक्कल कुठे चरायला गेली होती बघ. तू त्या दिवशी चहाला आलीस तेव्हा तुझे केस एका बाजूला विस्कटले होते आणि काळ्या सदऱ्याची पाठ सुरकुतली होती. जमिनीवर लोळून आलेलं माणूस मी शंभर पावलांवरून ओळखते. आणि तुझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर, काळ्या कपड्यावर, धुळीचा एक डाग नव्हता. याहून मोठं प्रमाणपत्र उमेदवाराला कोण देणार? डोळ्यांनी सगळं टिपलं आणि डोक्याने नोंद घेतली नाही. तुझ्या भांडणाने माझं लक्ष उडालं. पुढच्या वेळी तपासणी झाल्यावर भांडत जा.

तेव्हा निकाल फिरवते. फेरपरीक्षा नाही, पेपर तपासण्यातली चूक दुरुस्त केली, असं समज. तुमच्या शाळेत याला परवानगी असेलच. उमेदवार पास, आजपासून नोकरीत कायम. धाकट्याला कळवलं. त्याने फोनवर आनंदाने एवढा आरडाओरडा केला की त्याची लिफ्ट खरंच दोन मजल्यांमध्ये थांबली असावी. शेजारणीकडून कुंड्या परत मागवल्या. तिने तेवढ्यात एका कुंडीतलं रोप मारून ठेवलं आहे, पण मी आभारच मानले.

आता तुझ्या भीतीचं. तू विचारलंस तुला कोण उचलणार, आणि मी महिनाभर त्या प्रश्नाला धुळीच्या गोष्टी सांगून उत्तर दिलं. मलाही भीती वाटते. पडले त्या दिवशी मी तुला जाळ्याचं सांगत होते, कारण दुसरं काही बोलले असते तर माझा आवाज फुटला असता आणि तू दार धडका मारून तोडलं असतंस. मी इथेच राहणार, ते पक्कं. पण दार आतून एकटीने धरून ठेवणं म्हणजे राहणं नव्हे, एवढं मला या वयात समजायला हरकत नाही.

हॉटेल सोडलं त्या दिवशी मी मुख्य किल्ली कुणाला दिली ठाऊक आहे का? त्या वर्षी कामाला लागलेल्या सगळ्यांत नव्या मुलीला. सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. जुन्या वाकबगार बायका रांगेत होत्या. पण त्या मुलीने एकदा मी टाकलेलं बटण आणून दिलं होतं आणि सोबत सांगितलं होतं की हे मला झाडताना सापडलं नाही, नंतर पाय पडला म्हणून कळलं, तेव्हा खोली नापास धरा. ज्या माणसाला बटण सहज लपवता आलं असतं आणि ज्याने ते आणून दिलं, किल्ली त्याच्याच हातात शोभते.

निळं बटण मी ठेवून घेते आहे. पुढल्या रविवारपासून ते घरात कुठेतरी असेल. उमेदवाराला ते लागू नाही, मी ते त्याच्या हाती लागणार नाही अशाच जागी ठेवेन. तू येऊन शोधायचं आणि चहाच्या वेळी माझ्यापुढे ठेवायचं. कोटाच्या खिशात न्यायचं नाही. बेल वाजवू नकोस, मी दाराशी येणार नाही.

हे पाकीट हातात जड लागेल. आत काय आहे ते ओळखलं असशीलच. ती कमरेवरून काढताना गाठ सुटेना, शेवटी कात्रीने कापली. ती तुझ्या पट्ट्याला नीट अडकव आणि पहिल्यांदा दार उघडताना थोडी वर उचलून फिरव, कुलूप जुनं आहे.

लोभ कसला मागायचा तुझ्याकडे, दार उघडून आत ये.

आई